ओव्हाळताईंच्या तीनशे चाळीस जणी

ऑफिसात कुणी ‘लॉयल सबस्क्रायबर’ असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणणारा बहुतेक वेळा नुकताच रुजू झालेला असतो, पायात पांढरेशुभ्र बूट असतात आणि तो फळ्यावर नरसाळं काढत असतो. वरून हजार माणसं ओतायची, खालून दहा निष्ठावंत वाचक गळतात, असा त्या चित्राचा अर्थ. मी चिंचवडला स्टेशनजवळच्या एका ऑफिसात गेली अकरा वर्षं हेच काम करते, तेव्हा मला हे चित्र नवीन नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर नरसाळं येतच नाही. येतात त्या मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ओव्हाळताई, स्टुलावर पाय वर घेऊन बसलेल्या, चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाला टेकवून वाचणाऱ्या. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या ब्लॉगला तीनशे चाळीस वाचक होते. आमच्या धंद्यात एवढ्या आकड्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. मी सोसायटीत नवीन राहायला आले होते आणि कमिटीने माझ्या गळ्यात नोटीस लिहायचं काम घातलं होतं. पाणीकपातीची नोटीस मी अगदी मन लावून लिहिली, सन्माननीय सभासदांपासून सहकार्याच्या अपेक्षेपर्यंत. संध्याकाळी पाहते तर कुणीतरी लाल पेनाने सगळी खोडून खाली एकच ओळ लिहिलेली: उद्या पाणी नाही, आज भरून ठेवा. वॉचमन म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचं काम. मी तणतणत वर गेले. मी लिहिण्यावर पोट भरते, मला शिकवणाऱ्या ह्या कोण, असं सगळं पाठ करून गेले होते. दार उघडलं ते एका ठेंगण्या, सावळ्या, खणखणीत बाईने. तिने मला आत घेतलं, गवती चहा घातलेला बिनदुधाचा चहा पुढ्यात ठेवला आणि शांतपणे सांगितलं की तुझी नोटीस छान आहे, पण ती वाचून होईपर्यंत पाणी जातं. मी चहा प्यायले.

मग त्यांनी विचारलं, तू नेमकं काय काम करतेस. मी म्हटलं, लोकांनी पुन्हा पुन्हा येऊन वाचावं म्हणून जे करावं लागतं ते. त्या म्हणाल्या, माझ्याकडेही येतात वाचायला, आणि फोन पुढे केला. ब्लॉगचं नाव होतं ‘लायनीवरची दोन मिनिटं’. रंग भडक, अक्षरं कधी मोठी कधी लहान, आणि वर कोपऱ्यात ताईंच्या हाताचा फोटो. चेहऱ्याचा नव्हे, हाताचा. मला हसू आलं होतं, हे आज कबूल करते.

चाकणजवळ महाळुंग्याला गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवणारी एक कंपनी आहे, तिथे ओव्हाळताईंनी सव्वीस वर्षं काढली. गाडीच्या पोटात दिवे, हॉर्न, काचा सगळ्यांना जोडणाऱ्या तारांचा एक भलाथोरला जुडगा असतो. तो फळीवर मांडायचा आणि टेप गुंडाळत जायचं. दिवसभर टेप. त्याने त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा कायमचा आत वळला होता, म्हणून फोनवर त्या मधल्या बोटाने टाइप करायच्या. या कामात बहुतेक सगळ्या बायका. पहिली शिफ्ट सुटताना आणि दुसरी लागताना लायनीवर, म्हणजे कामाच्या जागेवर, दोघी समोरासमोर यायच्या. तेवढ्या दोन मिनिटांत जाणारी येणारीला सांगायची, आज चार नंबरचं कनेक्टर कडक आहे, नखं सांभाळ. नवीन सुपरवायझर डबा खाताना घड्याळ बघतो. बस पुढच्या फाट्यावर थांबते. कंपनीच्या कागदावर ही दोन मिनिटं कुठेच नव्हती, आणि ताईंच्या मते कंपनी चालायची ती त्यांच्यावर. निवृत्त झाल्यावर त्यांना पगाराची नाही, त्या दोन मिनिटांची चुटपुट लागली. म्हणून ब्लॉग.

काय नसायचं त्यात? दिवसभर उभं राहून टाचा दुखतात त्यावर कोणती चप्पल बरी. कंपनी बदलली तर पीएफ कसा आणायचा. खोलीमालक रात्री उशिरा येण्यावरून कुरकुर करायला लागला तर काय म्हणायचं. पाळीच्या दिवसांत जागा सोडायची परवानगी मागताना लाजायचं नाही, ते कसं. ताई स्वतः एकोणचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी झाल्या होत्या आणि मग बारावीही. त्यामुळे शिक्षणाचा विषय दर महिन्याला एकदा तरी यायचाच. रविवारी बुद्धविहारात पोरांना शिकवायच्या, तिथलाही आवाज त्या लिहिण्यात होता. पण उपदेश नव्हता. त्यांना उपदेशाचा फार राग.

मी माझं शहाणपण पाजळायला सुरुवात केली. म्हटलं, सबस्क्राइब करताना तुम्ही ईमेलशिवाय काहीच विचारायला नको, जितके प्रश्न कमी तितकी माणसं जास्त. त्यांनी ऐकलं आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न ठेवलाच: या आठवड्यात कोणती शिफ्ट? कारण साधं होतं. पहिल्या शिफ्टवाल्या बाईला ब्लॉगचं पत्र, म्हणजे मेल, साडेतीनला जायचं, परतीच्या बसमध्ये ती बसली की. दुसऱ्या शिफ्टवालीला दुपारी दोनला, कामावर जाताना. लायनीवर फोन चालत नाही, तो लॉकरमध्ये असतो. घरी गेल्यावर स्वयंपाक असतो. बाईला स्वतःचा असा वेळ मिळतो तो बसमध्ये, पाऊण तास. चाकण भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, आणि शिफ्ट बदलते ती गुरुवारनंतर. म्हणून दर गुरुवारी दुपारी ताई एक वही घेऊन बसायच्या आणि नावं इकडची तिकडे करायच्या, हाताने, एकेक. मी म्हटलं, अहो हे मशीन करेल. त्यावर म्हणाल्या, सुनीताने संगीताशी शिफ्ट बदलली हे तुझ्या मशीनला कोण सांगायला जाणार?

वहीत नावं आडनावांनी नव्हती, बसच्या रूटने होती. चिखलीची बस, मोशीची बस, राजगुरुनगरची बस. आणि लिहून झालं की पाठवण्याआधी त्या एकदा मोठ्याने वाचायच्या आणि कापाकापी करायच्या. चिखलीची बस खचाखच असते, तिथल्या निम्म्या जणी उभ्याने वाचतात. “उभ्या बाईला लांब वाक्य देऊ नये,” असं त्यांचं म्हणणं. मी हे वाक्य पुढे ऑफिसात माझं म्हणून तीनदा वापरलं आहे आणि तीनदा टाळ्या घेतल्या आहेत.

व्हॉट्सॅपचा ग्रुप का नाही, हेही मी विचारलं होतं. पूर्वी होता म्हणे. एका बाईच्या नवऱ्याने ग्रुपमधून बाकीच्या बायकांचे नंबर काढले आणि त्यांना गुड मॉर्निंगची फुलं पाठवायला लागला. ताईंनी त्या दिवशी ग्रुप बंद केला. पत्राचं तसं नाही, कोण कोण वाचतं हे फक्त ताईंना माहीत.

पण सगळ्यात जास्त माझी भंबेरी उडाली ती भाज्यांवरून. झालं असं की एका आठवड्यात एक वाचक कमी झाली. आमच्याकडे महिन्याला शेकड्यांनी कमी होतात, आम्ही मान वर करून बघत नाही. ताईंनी बस पकडली आणि महाळुंग्याच्या गेटवर शिफ्ट सुटायच्या वेळी जाऊन उभ्या राहिल्या. मी हादरले. म्हटलं, ताई, असं जायचं नसतं, लोकांची खासगी गोष्ट असते ती. “अगं, रुसलीय का ते बघायला नको?” त्या म्हणाल्या. ती रुसलेली नव्हती. पत्राचं नाव फोनच्या पडद्यावर चमकायचं आणि सासू ते वाचायची, एवढंच. ‘प्रसूतीची रजा कशी मागावी’ हे वाचून सासूने घर डोक्यावर घेतलं होतं, कारण सुनेने अजून घरात काही सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून ताईंच्या प्रत्येक पत्राचं नाव भाजीचं झालं. प्रसूतीची रजा म्हणजे मेथीची भाजी. खोलीमालक म्हणजे भरलं वांगं. शिक्षणाचं काही असलं की शेपू, कारण शेपू घरात कुणालाच आवडत नाही, कुणी उघडून बघणार नाही. सगळ्या जणींना हे कानोकानी कळलं. मी कपाळावर हात मारून घेतला. शीर्षकात विषय स्पष्ट पाहिजे, उत्सुकता पाहिजे, ह्यावर मी लोकांना कार्यशाळा देते, आणि इथे ‘कोबी, साधी’ या नावाचं पत्र शंभरातल्या नव्वद जणी उघडत होत्या. नाशिकचे एक रिटायर्ड गृहस्थ मात्र खरंच भाजी शोधत आले आणि सबस्क्राइब करून बसले. त्यांना बिचाऱ्यांना काही कळेना. ताईंनी त्यांची वेगळी यादी केली आणि त्यांना दर आठवड्याला खरीखुरी पाककृती पाठवत राहिल्या. म्हणाल्या, आशेने आलेत.

या तीनशे चाळिसात एक रेखा होती. हिंगोलीकडची, नवऱ्याबरोबर आलेली, महाळुंग्यात एका खोलीत राहायची. तारांच्या टोकांना पिना दाबायच्या मशीनवर तिचा हात असा बसला होता की लाइन लीडर तिलाच करायचं असं सुपरवायझरने ठरवलं होतं. अडलं होतं ते बारावीपाशी. लीडरला बारावी पास लागायची. नवरा टेम्पो चालवायचा, स्वतः दहावी नापास, आणि बायको आपल्यापुढे जाणार हे त्याला खपणारं नव्हतं. म्हणून रेखाने चोरून सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. पुस्तकं पिठाच्या डब्यामागे. ती प्रत्येक पत्राला उत्तर लिहायची, आणि उत्तरात प्रश्न. ताई त्या प्रश्नांवर अख्खं पत्र लिहायच्या. “ही होणार बघ लीडर,” असं मला निदान दहा वेळा म्हणाल्या असतील. सव्वीस वर्षांत त्यांना स्वतःला कुणी लीडर केलं नव्हतं. बारावी झाल्या तेव्हा वय जास्त आहे म्हणाले.

आता माझ्या पापाकडे येते. टाळून उपयोग नाही.

ताईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला मुलीकडे जायचं होतं, तीन आठवडे. तीन पत्रं लिहून त्यांनी माझ्या हवाली केली. वही दिली, शिफ्टप्रमाणे याद्या दिल्या, कोणतं कधी पाठवायचं ते सांगितलं. माझ्या मनात वेगळंच शिजत होतं. ऑफिसात बढतीचा विषय चालू होता आणि मला दाखवायला एक नमुना हवा होता: बघा, शून्यातून ब्लॉग कसा उभा केला. खोटं कशाला बोलू, थोडं ताईंसाठीही होतं. त्या परत येतील तेव्हा आकडा बघून चाट पडतील, असं मला वाटलं. मी सोडत लावली. सबस्क्राइब करा, मिक्सर जिंका. जाहिराती सोडल्या. तीन आठवड्यांत तीनशे चाळीसचे चार हजार झाले. कुठकुठले लोक, काय सांगू, पार सुरतेपर्यंत.

चार हजार जणांना शिफ्टप्रमाणे कोण पाठवत बसणार? सॉफ्टवेअरने सांगितलं, सर्वोत्तम वेळ रविवारी सकाळी दहा. मी रविवारी सकाळी दहा लावलं. आणि शेपूची भाजी चार हजार लोकांना काय कळणार? म्हणून मी नवीन शीर्षक दिलं. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. ‘नवऱ्याला न सांगता बारावी कशी द्याल?’

रविवार हा चाकण भागात कामाचा दिवस. पण शाळांना सुट्टी असते. पोरं घरात एकटी राहतात, म्हणून बायका त्या दिवशी फोन घरी पोरांजवळ ठेवून जातात. हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं.

ताई हिरवा चष्मा लावून परत आल्या त्या दिवशी मी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी आधी विचारलं, उत्तरं किती आली. दर पत्राला वीस-पंचवीस उत्तरं यायची. या वेळी एकच होतं, रेखाच्या शेजारी बसणाऱ्या संगीताचं. मीच ते मोठ्याने वाचलं, कारण ताईंना वाचायला मनाई होती. लिहिलं होतं की रविवारी रेखाचा फोन पोराकडे होता, पोराने पत्राचं नाव वाचून बापाला दाखवलं, आणि रेखा सोमवारपासून कामावर येत नाही.

ताई तशाच उठल्या. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं, ते मी सांगत राहिले आणि त्या जिना उतरत राहिल्या. महाळुंग्याला खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, त्याने पुस्तकं रद्दीवाल्याला दिली, सिम तोडलं आणि बायकोपोराला गावी सोडायला गेला. परीक्षेला पाच आठवडे राहिले होते. परत येताना बसमध्ये मी वाट पाहत होते की त्या आता मला बोलतील. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मोशीला उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, “रविवारी फोन पोरांकडे असतो, स्मिता. तू कुणालाही विचारलं असतंस तरी कळलं असतं.”

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. खरं म्हणजे पुढे कित्येक दिवस.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार हजार नावं काढायला बसलो. मी म्हटलं, एका बटणात जातील. त्यांना ते बटण नको होतं, एखादी आपली चुकून जाईल म्हणून. मी एकेक नाव वाचायचं आणि त्या हिरव्या चष्म्याआडून म्हणायच्या, ही आपली, ही नाही. तीन संध्याकाळी गेल्या. सोडतीतून आलेल्यांपैकी नऊ जणी त्यांनी ठेवल्या, कारण त्यांनी पत्ता चाकणचा लिहिला होता. मिक्सरही त्यातल्याच एकीला गेला.

मग त्यांनी सगळ्यांना माफीचं पत्र लिहायला घेतलं. त्या बोलत होत्या, मी टाइप करत होते. रविवारी पत्र गेलं आणि त्यावर उघडं नाव गेलं, त्यामुळे आपल्यातल्या एकीचं मोठं नुकसान झालं, ही माझी चूक आहे. मी हात थांबवला. म्हटलं, तुमची कशी, माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, तुझं नाव त्यांनी कधी ऐकलेलंच नाही, त्यांनी विश्वास माझ्यावर टाकला होता. मी हट्ट धरला, रडलेसुद्धा. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मधल्या बोटाने ते वाक्य स्वतः पूर्ण केलं. त्या महिन्यात साठ जणी सोडून गेल्या. त्या साठजणींच्या मागे मात्र ताई गेटवर गेल्या नाहीत. त्यांचा हक्क आहे, म्हणाल्या.

त्यानंतरचं दीड वर्ष मी त्यांच्याकडे रोज जात होते. बढतीचं काय झालं ते विचारू नका, मी तो नमुना दाखवलाच नाही. सोडून गेलेल्या काही हळूहळू परत आल्या, काही नवीन आल्या, आणि दीड वर्षाने आकडा पुन्हा तीनशे चाळीसच्या आसपास पोचला. एक गोष्ट मी पाहिली आणि त्यांच्याशी कधी बोलले नाही. दर गुरुवारी नावं इकडची तिकडे करताना त्या रेखाचंही नाव हलवायच्या. ह्या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी. रेखा कुठल्याच शिफ्टला नव्हती. तिचं मेल कुणी उघडत नव्हतं, ते मला माझ्या स्क्रीनवर दिसायचं. ताईंनाही दिसत असणार.

शेवटच्या वर्षी ताईंचं हृदय कुरकुरायला लागलं. लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर थांबून त्या कुणाच्या तरी दाराशी गप्पा मारत बसायच्या, म्हणजे दम लागलाय असं दिसू नये. मी घरून काम असलं की लॅपटॉप घेऊन त्यांच्याच टेबलावर बसायचे. असाच एक गुरुवार होता. दुपारी बेल वाजली, मी दार उघडलं. तिशी-पस्तिशीतली एक बाई, खांद्याला पिशवी, चेहरा तापलेला. ओव्हाळताई इथंच राहतात का, विचारलं. आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “ताई, मी रेखा. मी भांडायला आलेय.”

ताईंनी तिला पाणी दिलं. ते तिने घेतलं, चहा नको म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, जसं काही दीड वर्ष ते ओळीने लावून ठेवलं होतं. गावी वर्ष गेलं. मग एक दिवस तिने नवऱ्याला सांगितलं की मी कामाला परत चाललेय, तू येतोस तर ये, नाहीतर पोराला आईकडे ठेवून मी एकटी जाईन. तो आला. आता महाळुंग्यातच दुसऱ्या कंपनीत लागली होती, पुन्हा पिना दाबायला, पुन्हा खालून सुरुवात. सतरा नंबरचा फॉर्म पुन्हा भरला होता, या वेळी त्याला सांगून. तो तिच्याशी बोलत नव्हता. परीक्षा सात महिन्यांवर होती. “माझं वर्ष गेलं, ताई. लीडरची जागा गेली. तुम्हाला सगळं माहीत होतं, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, आणि तुम्हीच रविवारी असं नाव घालून पाठवलंत?”

“चुकलं माझं,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा. माझ्यासमोर. माझ्या कानशिलावर कुणीतरी लगावल्यासारखं झालं. मी म्हटलं, त्यांचं नाही चुकलं, त्या नागपूरला होत्या, डोळ्याला पट्टी होती. ते पत्र मी पाठवलं. ते नाव मी दिलं. मला आकडा वाढवायचा होता.

रेखा ताईंकडे वळली. म्हणाली की दीड वर्ष मी रोज तुम्हाला शिव्या घातल्या, भाकरी थापताना घातल्या, तुम्ही सांगितलं का नाहीत.

“मला घातल्यास ते बरं झालं,” ताई म्हणाल्या. “मी ऐकून घेतलं असतं. हिला घातल्या असत्यास तर हिने हे काम सोडलं असतं. आणि माझ्यानंतर दुसरं कोण आहे गं?”

इतके दिवस मला वाटत होतं ताई मला पाठीशी घालतायत, माझी दया येतेय त्यांना. त्यांनी दीड वर्षापूर्वीच माझा हिशेब लावून ठेवला होता. मी तोंड फिरवलं आणि उगाच लॅपटॉप बंद केला.

मग रेखाने डोळे पुसले आणि मला विचारलं, इंग्रजी येतं का चांगलं? मी म्हटलं, येतं. म्हणाली, मला तेवढंच अवघड जातं, आणि सुट्टी मला गुरुवारी असते. मी मूर्खासारखी म्हणाले की मला गुरुवारी नसते. तिने पिशवी खांद्याला लावली.

ताई तिला सोडायला खाली गेल्या, नको नको म्हणत असताना. मी गॅलरीतून बघत होते. गेटपाशी रेखा पाया पडायला वाकली. ताईंना ते अजिबात चालत नसे. त्यांनी तिला दंडाला धरून वर ओढलं, तिचा हात हातात घेतला आणि साहेब लोक करतात तसा जोरजोरात हलवला. रेखा हसली. ती रस्ता ओलांडून गेल्यावर ताई गेटला टेकून थोड्या थांबल्या, मग मान वर करून मला शोधलं आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “गुरुवारी रजा टाक.”

मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही. शुक्रवारी मी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेले. मंगळवारी सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही. नागपूरहून मुलगी येऊन पोचेपर्यंत सगळं सोसायटीने पाहिलं. मी पोचले तेव्हा अंत्यविधी झाला होता.

गुरुवारची रजा मी आधीच टाकली होती. रेखा साडेदहाला आली, हातात इंग्रजीची वही. तिसऱ्या मजल्यावर ताईंच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. तिने चपलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही सांगावं लागलं नाही. ती जिन्यावर खाली बसली. मीही बसले. मी म्हटलं, सगळ्यांना कळवायला हवं, आणि फोन काढला.

तिने माझा हात धरला. म्हणाली, “आज नको. आज सुट्टीय, सगळ्या घरी असतील. घरात रडायला मिळत नाही. उद्या बसमध्ये बसल्यावर कळू दे.”

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी एक पत्र दोनला पाठवायचं होतं आणि एक साडेतीनला. रेखाने पदराने नाक पुसलं आणि वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली.